गाडी थरथरते, पण कधी आणि कुठे?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



दोन दिवस आपण समुपदेशन, कायदा आणि पोलीस ठाणं यांवर बोललो. मला बोलायचं आहे संस्थेच्या गाडीबद्दल, तेही तिच्या ब्रेकबद्दल. हसू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या संस्थेकडे कुणीतरी देणगी दिलेली जुनी गाडी आहे. रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला आपण त्याच गाडीतून आणतो. ती गाडी वेळेवर थांबते की नाही, हाही तिच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

आमची गाडी चौदा वर्षांची. एका रात्री एका बाईला आणि तिच्या लहान मुलाला घेऊन मी पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. ती आधीच घाबरलेली. म्हणाली, "ताई, गाडी धड आहे ना?" मी "हो" म्हटलं. खरं सांगते, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं हलणारच." तरी चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये पुन्हा बॅलन्सिंग, वर अलाइनमेंट, आणि चारही टायर बदलायचा सल्ला. "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो," हेही ऐकून घेतलं. आमच्या संस्थेत साहेब नाहीत!

घरी येऊन विचार केला. मी दोन्हीकडे एवढंच सांगितलं होतं, की गाडी थरथरते. केंद्रावर आलेली बाई "नवरा त्रास देतो" एवढंच म्हणाली, तर आपण तिथे थांबतो का? २००५ च्या कायद्याखालचा कौटुंबिक घटना अहवाल भरताना आपण तारीख, वेळ, जागा विचारतो. दोष तिच्या बोलण्यात नसतो. पण नोंद असली की तिचं म्हणणं उडवून लावणं अवघड जातं. मग गाडीसाठीही मी वही केली आणि आठवडाभर चार प्रश्नांची उत्तरं लिहिली.

पहिला प्रश्न : ब्रेक न दाबताही थरथरते का? तसं असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग बघायचं. आमची फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरायची. म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे दोनदा वाया गेले.

दुसरा : कुठे जाणवतं? स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवत असेल तर बहुधा मागची. पेडल पायाखाली वरखाली होत असेल, तर डिस्क किंवा ड्रम एकसारखा राहिलेला नाही.

तिसरा : हँडब्रेकने थरथरते का? आमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. रिकाम्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर तीसच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवायचं आणि तो हलकेच ओढायचा. आमची गाडी थरथरली नाही. म्हणजे संशय पुढच्या चाकांवर.

चौथा : थांबल्यावर एखादं चाक जास्त तापलेलं असतं का? हात लावायचा नाही, भाजेल. तळवा नुसता जवळ न्यायचा. आमचं पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी जास्त तापायचं.

ही वही घेऊन तिसऱ्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी ती वाचली आणि काही न बोलता पुढची चाकं काढली. डाव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे पॅड डिस्कला घासतच राहायचा. "डिस्क वाकडी झाली" असं सर्रास म्हणतात. पण पुष्कळदा ती वाकलेली नसते. कुठे जास्त झिजते, कुठे पॅडचा थर तिच्यावर बसतो. मिलीमीटरच्या काही शतांशांचा फरकही हाताला जाणवतो. मिस्त्रींनी मायक्रोमीटरने जाडी मोजून मला दाखवली. कमीत कमी किती जाडी हवी, हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. आमच्या डिस्क त्या मर्यादेजवळ आल्या होत्या, म्हणून लेथवर घासून उपयोग नव्हता. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड बदलले, पिना साफ करून ग्रीस लावलं. थरथर थांबली. टायर अजून तेच आहेत.

एक चूक माझीही होती. घाट उतरताना मी वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच यायचे. त्याने डिस्क तापतात. घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, धरून ठेवायचा नाही.

सगळ्याच गाड्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. झिजलेले बुश, बॉल जॉइंट, ढिलं बेअरिंग, यांनीही ब्रेक लावताना थरथर वाढते. चाकाचे नट कमीजास्त आवळले तरी होते. म्हणून ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. गाडीला एबीएस असेल, तर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडणारच. हलक्या ब्रेकलाही धडधडत असेल तर मात्र दाखवायला हवं. आणि पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर वहीत लिहीत बसू नका. गाडी चालवणं बंद करा.

प्रत्येक संस्थेतल्या दोघी जणींनी एवढं तरी शिकून घ्यावं. गाडीत एक वही ठेवावी, आणि काढलेला जुना भाग मिस्त्रींकडून मागून बघावा. मिस्त्री व्हायचं नाही आपल्याला. पण आपली तक्रार आपल्याला नेमकी सांगता यायला हवी, आणि "साहेबांना पाठवा" म्हणणाऱ्यापुढे ती वही उघडता यायला हवी.

पुन्हा कुणी बाई रात्री विचारेल, "ताई, गाडी धड आहे ना?" तेव्हा "हो" म्हणताना मला ते माहीत असायला हवं.