नमाज दोघांची, चौकशी एकटीची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तिन्हीसांजेला आपण देवापाशी दिवा लावतो, त्याच सुमारास आपल्या रत्नागिरीत मगरिबची अजान होते. "दिवेलागणीच्या आत घरी ये" असे हिंदू आई सांगते आणि मुसलमान आईही सांगते. पण सांगते कोणाला? बहुधा मुलीलाच.

१९४५ साली येथे महाविद्यालय निघाले. आज ते गोगटे-जोगळेकर या नावाने चालते. मुस्लिम मुलगे आणि मुलीही तेथे शिकतात. माझ्या शेजारच्या घरातली अशीच दोन भावंडे. एकदा मुलीला यायला थोडा उशीर झाला, तर आईने तिला दहा प्रश्न विचारले. मुलगा मात्र भाट्याच्या किनाऱ्यावरून रात्री मोटारसायकल दामटीत आला. डोक्याला शिरस्त्राण नाही, तोंडाला सिगारेटचा वास. आई म्हणाली, "तो जुम्म्याला मशिदीत जातो, बिघडायचा नाही." तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "अम्मी, नमाज दोघांनाही पाच वेळांची. मग चौकशी माझी एकटीचीच का?"

भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

नमाज माणसाला वाईट कृत्यापासून आवरते, अशी कुराणाची शिकवण आहे. नशेत असताना नमाजला उभे राहू नये, असाही आदेश आहे. जो दिवसातून पाच वेळा वजू करून उभा राहील, त्याला व्यसनाला सवड तरी कोठून मिळणार? नियमित प्रार्थना करणारे तरुण व्यसनांपासून अधिक दूर असतात, असे अनेक देशांतील अभ्यासकांनाही आढळले आहे. परंतु प्रार्थनेमुळे संयम येतो, की मुळात संयमी असलेलाच प्रार्थनेला बसतो, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

शिवाय घरचे वळणही असतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा वर्षे व त्यापुढील पुरुषांपैकी शेकडा सुमारे ३८ तंबाखू वापरणारे आणि १९ दारू घेणारे आढळले. स्त्रियांत हेच आकडे ९ आणि १ होते. हे आकडे सर्व धर्मांचे मिळून आहेत. म्हणजे मुलग्यांना सैल सोडण्याची खोड एका समाजाची नव्हे, आपल्या सर्वांच्याच घरची आहे. मुलगी धाकाने जपली जाते, मुलगा विश्वासाने सोडला जातो. आणि धोका असतो तो सोडलेल्यालाच.

वस्तुतः धर्माने असा भेद केलेला नाही. नजर खाली ठेवण्याची आज्ञा कुराणात आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. दारू आणि जुगार दोघांनाही सारखेच वर्ज्य आहेत.

तेव्हा माझी विनंती एवढीच. दिवा असो वा अजान, त्या वेळी मुलालाही विचारा, "बाळा, कोठे होतास? कोणाबरोबर होतास?" रागाने नव्हे, मायेने विचारा. आणि मुलीलाही थोडा विश्वास द्या; तो तिने कधीच कमावला आहे.