रूममेटची गिटार आणि न हलणारा आर्म

आज करिअरवर काही नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज गिटार. ऐकताना मध्येच टुंग टुंग ऐकू येईल, कारण गिटार मांडीवरच आहे. वाचणाऱ्यांनी तो आवाज मनातल्या मनात काढा.

तर आधी कबुली. ही गिटार माझी नाही. कॉलेजच्या रूममेटची आहे. तो पाच वर्षांपूर्वी एमएस करायला जर्मनीला गेला तेव्हा म्हणाला, "विकवत नाही रे. तुझ्याकडे राहू दे, पण वाजवत राहा." स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची आहे, फार महागातली नाही, पण त्याने इंटर्नशिपच्या पैशांतून घेतलेली. मागच्या महिन्यात त्याचा फोन. "येतोय २० तारखेला. गिटार आहे ना? आर्म चालतो ना अजून?"

मी म्हटलं, "एकदम मस्त."

साफ खोटं. आर्म हलत नव्हता. म्हणजे दोन्ही हातांनी जोर लावला तर कुरकुरत जरासा खाली जायचा. आणि त्याला असं मीच करून ठेवलं होतं. हातात नऊ दिवस होते.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारा जिथे संपतात त्या धातूच्या पट्टीला ब्रिज म्हणतात. स्ट्रॅटमध्ये हा ब्रिज पक्का बसवलेला नसतो. पुढच्या कडेला सहा स्क्रू असतात, त्यांच्या टेकूवर तो पुढेमागे झुलतो. त्याला एक दांडी लावलेली असते, तोच आर्म. दांडी दाबली की तारा सैल होतात आणि सूर खाली घसरतो, सोडली की परत जागेवर. याला सगळे ट्रेमोलो म्हणतात आणि ते नाव चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. सूर वरखाली होतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. लिओ फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा हेच नाव दिलं, आणि गंमत म्हणजे त्याच्या कंपनीच्या कितीतरी अँपवर जिथे 'व्हायब्रेटो' लिहिलंय तिथे प्रत्यक्षात ट्रेमोलो आहे. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं आणि सत्तर वर्षं कोणी रिफॅक्टर केलं नाही, तसं.

आता खरा खेळ मागच्या बाजूला आहे. गिटार उलटी करा, प्लास्टिकचं झाकण काढा. आत एक पोकळी. ब्रिजच्या खाली धातूचा जाड ठोकळा लोंबतोय, आणि त्याला स्प्रिंगा अडकवल्यात, जास्तीत जास्त पाच. स्प्रिंगांचं दुसरं टोक एका पंज्यासारख्या पट्टीत, म्हणून तिचं नाव क्लॉ. क्लॉ दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला. म्हणजे ही रस्सीखेच आहे. एका बाजूला सहा तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा, मध्ये ब्रिज. आणि ताण किरकोळ नाही. नेहमीच्या ट्यूनिंगला ०९ च्या सेटचा सगळा मिळून सुमारे ३८ किलो, १० च्या सेटचा सुमारे ४६ किलो.

माझी चूक इथेच झाली. तो ०९ च्या तारा वापरायचा. मी कुठेतरी वाचलं की जाड तारांचा टोन भारी. लावला १० चा सेट. तारांकडे आठ किलो जास्त आले, ब्रिज पुढे कलंडला, तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच गेल्या की बोट दुखायला लागलं. मी काय केलं? केसमध्ये दोन जादा स्प्रिंगा पडल्या होत्या, त्या लावल्या. तीनाच्या पाच झाल्या. वर क्लॉचे स्क्रू जाम होईपर्यंत पिळले. ब्रिज धप्पकन बॉडीवर बसला, ट्यूनिंग टिकायला लागलं, मी खूश. आर्म काढून ड्रॉवरमध्ये टाकला. पाच वर्षं.

तसं पाहिलं तर यात गुन्हा काही नाही. एरिक क्लॅप्टनच्या स्ट्रॅटमध्ये तर लाकडाचा तुकडा घालून ब्रिज अडवून टाकलेला असायचा, कारण त्याला आर्म नकोच होता. पण ज्याला जेफ बेकसारखं आर्मवर वाजवायचंय त्याच्या गिटारचं असं करणं म्हणजे मित्राच्या बाईकचं क्लच वेल्डिंग करून ठेवण्यासारखं आहे.

बरं, घट्ट का होतो? बीटेकच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं, पण पोकळीत डोकावून बघेपर्यंत कधी पोचलंच नाही. तारा आणि स्प्रिंगा बरोबरीत असतील तर ब्रिज मध्ये तरंगत असतो, बोटाने ढकललं तरी हलतो. पण स्प्रिंगांचं ओढणं जास्त असेल तर तो जास्तीचा जोर ब्रिजला बॉडीवर दाबून धरतो. आर्म दाबताना आधी तो सगळा जादा जोर तोडावा लागतो, मग कुठे पहिला मिलिमीटर हलतो.

आणि दुसरी गोष्ट. तेवढाच ताण तीन स्प्रिंगा जास्त ताणून मिळतो किंवा पाच स्प्रिंगा कमी ताणून मिळतो. बरोबरी दोन्हीकडे होते. पण पुढे हलवायला गेलात की पाच जणी मिळून विरोध करतात, तिथे तीनच करतात. म्हणून स्प्रिंगा कमी, तर आर्म हलका. फक्त क्लॉ पुरेसा आत घ्यावा लागतो.

पहिल्या रात्री मी उतावळेपणा केला. तारा पूर्ण ट्यूनमध्ये असतानाच क्लॉचे स्क्रू सरळ तीन तीन फेरे सैल केले. ब्रिज उचलला गेला, सगळ्या तारा उतरल्या. मी परत चढवल्या. चढवल्या तसा ताण वाढला, ब्रिज अजून उचलला गेला, पुन्हा उतरल्या. तिसऱ्या वेळी वरची ई तार तुटली, थेट मनगटावर. रात्रीचे साडेअकरा. स्पेअर तार नाही.

दुसऱ्या दिवशी नवा सेट आणला. १० चाच आणला, हट्ट. पण यावेळी नीट. तारा आधी सैल केल्या, मग दोन स्प्रिंगा पकडीने काढल्या. हे करताना चष्मा घाला, स्प्रिंग उडते. मग ब्रिजचे ते पुढचे सहा स्क्रू. ते इतके आवळलेले होते की पट्टीला झुलायला जागाच नव्हती. स्प्रिंगा कितीही बरोबर लावा, इथे अडकलं तर आर्म घट्टच राहणार. बाहेरचे दोन स्क्रू पट्टीला जेमतेम टेकतील असे ठेवले, मधले चार अर्धा फेरा वर. आणि हे स्क्रू तारा ताणलेल्या असताना फिरवू नका, पट्टीची कड झिजते.

फट किती ठेवायची? ब्रिजच्या मागच्या कडेखाली फेंडरचं माप १/८ इंच आहे, म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. मी चार एक्स्पायर झालेली एटीएम कार्डं एकावर एक ठेवली. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर, चार म्हणजे साधारण तीन. कार्डं फटीत सरकवून क्लॉ थोडा आवळला, ती घट्ट धरली गेली, मग तारा ट्यून केल्या. आता क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव पाव फेरा सैल करत गेलो. एका क्षणी कार्डं आपोआप सैल होऊन निघाली. ट्यूनर बघितला, तारा जवळपास जागेवर. जरासं इकडे तिकडे, मग तारा स्थिरावल्या की पुन्हा एकदा. दोन संध्याकाळी गेल्या यात. नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं, तारा न अडकता परत याव्यात म्हणून.

मग अँपला लावली आणि भयंकर हम. क्लॉला एक बारीक वायर सोल्डर केलेली असते, ती तारांना ग्राउंडशी जोडते. माझ्या पिळण्यात ती निघाली होती. ऑफिसच्या हार्डवेअरवाल्या मित्राकडून २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणलं, पण क्लॉ एवढा जाड की सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर चिकटेना. शेवटी ६० वॅटचं मिळालं तेव्हा दोन मिनिटांत झालं.

एक सांगून ठेवतो, तरंगता ब्रिज फुकट मिळत नाही. एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात आणि बाकीच्या पाचही चढतात. एक तार बेंड केली की बाकीच्या किंचित उतरतात. मला त्याचा राग यायचा. त्याला नाही यायचा.

तो आला. चहा व्हायच्या आत गिटार घेतली, आर्म लावला, अँप न लावताच दोनदा दाबला. मी श्वास धरून. म्हणाला, "तारा जाड केल्यास का रे?"

मी सगळं सांगितलं. पाच स्प्रिंगांसकट. तो हसला, मग म्हणाला, "पाच वर्षं आर्म न लावता वाजवलीस? मग वाजवलीस काय?" याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. त्या रात्री दोनपर्यंत आळीपाळीने वाजवत बसलो.

गिटार तो घेऊन जाणार होता, पण आईने दिलेल्या सामानानेच बॅगेचं वजन भरलं, म्हणून ती अजून इथेच. आर्म मात्र त्याच्या जॅकेटच्या खिशात जर्मनीला गेला. आता नवा शोधतोय. तुम्ही घेणार असाल तर आटे मोजून घ्या. अमेरिकन गिटारचे इंचातले असतात, आशियात बनलेल्या बऱ्याचशा गिटारींचे मिलिमीटरमधले, आणि चुकीचा आर्म जबरदस्तीने फिरवला तर ठोकळ्यातले आटे जातात. पुण्यात कुणाकडे सहा एमएमचा पडून असेल तर व्हॉइस नोट टाका.