नळी काढण्याची घाई नको
(मंडळाच्या गणेशोत्सवात निजामपुऱ्यात दिलेल्या भाषणावरून)



आम्ही डॉक्टर नव्हे. ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा डिप्लोमा करून गेली वीसेक वर्षे गुजरात सरकारच्या नोकरीत आहोत. भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या शेजारी उभे राहायचे, मशीन, नळ्या, सक्शन तयार ठेवायचे, हे आमचे काम. तेव्हा आज जे सांगणार ते शेजारी उभे राहून पाहिलेले आहे. उपचार डॉक्टरांनाच विचारावेत.

२०२०-२१ च्या कोरोनाने व्हेंटिलेटर हा शब्द घरोघर पोहोचवला. तेव्हापासून ओळखीचे कोणीही भेटले की एकच प्रश्न, "नळी कधी काढतात हो?" नळी घालताना सर्वांच्या पोटात गोळा येतो आणि ती काढली की सुटलो असे वाटते. पण काढण्याची वेळही तितकीच जोखमीची असते. ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या गंभीर घटनांचा देशव्यापी अहवाल निघाला. त्यात भुलीच्या वेळच्या घटनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ऑपरेशन संपल्यावर, रुग्ण शुद्धीवर येताना किंवा त्यानंतर घडलेल्या होत्या. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत नळी काढण्यासाठी स्वतंत्र सूचना आहेत.

आधी ऑपरेशननंतरचे पाहू. भुलीबरोबर स्नायू सैल करणारे औषध दिलेले असते. त्याचा असर उतरवणारे इंजेक्शन देतात. मग रुग्ण डोळे उघडतो का, सांगितल्यावर हात दाबतो का, स्वतःहून पुरेसा श्वास घेतो का, हे पाहतात. स्नायूंत ताकद किती आली, हे मोजायचे छोटे यंत्रही असते. घशातली लाळ, कफ सक्शनने ओढून घेतात, शंभर टक्के ऑक्सिजन देतात, नळीच्या टोकाचा फुगा सिरिंजने रिकामा करतात आणि मगच नळी काढतात. अर्धवट भुलीत नळी ओढली तर कधी कधी स्वरयंत्राच्या पट्ट्या घट्ट मिटतात आणि हवा आत जातच नाही. म्हणून नळी निघाली तरी आम्ही नवी नळी, मास्क आणि लॅरिंगोस्कोप ट्रेमध्ये मांडूनच ठेवतो. रुग्णाला बाहेर आणायला उशीर झाला की नातेवाईक दार वाजवतात. ती दहा-पंधरा मिनिटे बहुतेक वेळा याच कामाची असतात.

आय.सी.यू.मध्ये प्रश्न वेगळा. तिथे रुग्ण दिवसेंदिवस मशीनवर असतो, श्वासाचे स्नायू थकलेले असतात. ज्या आजारासाठी नळी घातली तो आटोक्यात आला की परीक्षा घेतात. मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देतात. एक साधा हिशेबही असतो. मिनिटाला २५ श्वास आणि प्रत्येक श्वासात ४०० मिलिलिटर, म्हणजे ०.४ लिटर हवा असेल, तर २५ भागिले ०.४, उत्तर ६२ च्या आसपास. हा आकडा १०५ च्या खाली असला की आशा धरायची. श्वास ४० आणि हवा २०० मिलिलिटर असेल तर उत्तर २००. म्हणजे माणूस नुसता धापा टाकतो आहे, अजून थांबायला हवे. शिवाय खोकल्यात जोर आहे का, कफ किती आहे, हे बघतात. फुगा रिकामा केल्यावर नळीच्या बाजूने हवा निसटते का, हेही पाहतात. निसटत नसेल तर घशात सूज असण्याची शंका येते. एवढे करूनही दर दहा रुग्णांमागे एक-दोघांना नळी पुन्हा घालावी लागते. ती फसवणूक नव्हे, प्रत्येक वेळी हलगर्जीही नव्हे.

आता घरची गोष्ट. आमच्या मामांना न्यूमोनिया होऊन ते पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवशी नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता, पण मामा हसले. आम्ही चहा घ्यायला खाली गेलो. मामांनी खुणेने पाणी मागितले आणि मामींनी पर्समधल्या बाटलीतले तीर्थ दोन चमचे तोंडात घातले. मामांना जोराचा ठसका लागला. रात्री धाप वाढली आणि नळी पुन्हा घालावी लागली, आणखी चार दिवसांसाठी. तीर्थामुळेच झाले असे डॉक्टरही छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण नळी काढल्यावर काही काळ गिळण्याची क्रिया ताळ्यावर नसते, पाणी फुप्फुसात उतरू शकते. मामींची यात काय चूक? चूक आमची. वीस वर्षे हे काम करून घरच्यांना एवढे सांगून ठेवले नव्हते. मामा बरे होऊन घरी आले, म्हणून आज हे बोलण्याचे धाडस होते.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, ऑपरेशनआधी काहीही लपवू नका. शेवटचे कधी खाल्ले, घोरणे, दमा, तंबाखू, हलणारा दात, कवळी, सारे सांगा. पूर्वी कधी नळी घालताना अडचण आली असेल तर तो कागद जपून ठेवा आणि दाखवा.

दोन, आय.सी.यू.मध्ये रुग्णाचे हात हलके बांधलेले दिसले तर दया येऊन सोडू नका, सिस्टरना विचारा. रुग्ण गुंगीत स्वतःच नळी ओढतो. फुगा भरलेला असताना ती निघाली तर स्वरयंत्राला इजा होऊ शकते.

तीन, नळी निघाल्यावर डॉक्टर किंवा सिस्टर सांगेपर्यंत पाणी, चहा, नारळपाणी, काहीही तोंडात घालू नका. तीर्थ कपाळाला लावा, भाव तोच पोहोचतो.

चार, "आज काढाच" असा आग्रह धरू नका. "काय पाहून काढणार?" असे विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि त्याचे उत्तर मिळायला हवे.

बाप्पांना निरोप देतानाही आधी उत्तरपूजा होते, मगच मूर्ती हलवतो. तेवढा धीर दवाखान्यातही धरावा, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!