गाणं कोणाचं, हे ऐकणाऱ्यानं ठरवलं

(युवा मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘माझं बालपण आणि गाणी’. सत्तरीला आलेल्या बाईच्या हातात असा विषय दिला की ती थांबणार नाही, हे आयोजकांना माहीत असायला हवं होतं. पण तुम्ही आधी पाठवलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मी वाचल्या, आणि त्यातल्या दोन बाजूला काढून ठेवल्या. एकीनं विचारलंय, “आपल्यात गाणं चालतं का?” दुसऱ्यानं विचारलंय, “मराठी गाणी आपली आहेत का?” आज जे सांगणार आहे ते या दोन चिठ्ठ्यांसाठी.

मी सांगली जिल्ह्यातली. अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं, त्याच्यामागेच आमचं घर. दुकानात दोन मशिनी आणि एक व्हॉल्व्हचा रेडिओ. रेडिओ चालू केला की तो तापून बोलायला लागेपर्यंत अर्धा मिनिट जायचा. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. अब्बा घरपट्टी भरायला उशीर करतील, पण रेडिओचं लायसन्स वेळेवर.

घरात आम्ही दखनी बोलायचो. शाळा मराठी. मदरशात कुराण नाजरा वाचायला शिकलो, पण उर्दू लिहायला कुणी बसवलं नाही. शाळेच्या दाखल्यावर मात्र मातृभाषा ‘उर्दू’ लिहिली होती. मग उर्दू मला कुणी शिकवली? फुरसत, तसव्वुर, बेखुदी, मंजिल हे शब्द माझ्या कानात आले ते शकील बदायुनी, मजरूह सुलतानपुरी आणि साहिर लुधियानवी यांच्या गाण्यांतून. अर्थ अब्बांना विचारायचा. त्यांनाही येत नसला, तर कापड शिवायला आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला. गंमत म्हणजे अर्थ सांगणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा मुसलमान नसायचं.

आता यातला इतिहास ऐका, कारण तो तुम्हाला कुणी सांगणार नाही.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपल्या पुण्याचेच. त्यांना सिनेमाची गाणी उथळ वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास गायब झाली. एवढंच नाही, आपल्या शास्त्रीय संगीताची घसरण मुस्लीम राजवटीत आणि उस्तादांच्या हाती झाली, असंही त्यांचं मत होतं. संगीत ‘शुद्ध’ करायचं, असा त्यांचा ध्यास होता.

लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. रेडिओचा कान पिळला आणि काटा शॉर्टवेव्हवर नेला. तिथे रेडिओ सिलोन होतं. त्याच वर्षी, डिसेंबर १९५२ मध्ये, सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला आमच्या गल्लीतला माणूस रेडिओजवळ सापडायचा. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, सरकारनेच विविध भारती सुरू केली आणि फिल्मी गाणी आकाशवाणीवर परत आली. देशाच्या मंत्र्याला ऐकणाऱ्यांनी बटण फिरवून हरवलं, असा हा प्रसंग आहे.

गीतमाला सांगणारे अमीन सयानी १९३२ मध्ये मुंबईत जन्मले आणि २०२४ मध्ये गेले. त्यांची आई कुलसुम सयानी. त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत, नुकतंच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी, पण छापायचं तीन लिप्यांत: नागरी, उर्दू आणि गुजराती. लहानपणी अमीन आईला त्या कामात मदत करत. हेच पोर पुढे माइकसमोर बसलं तेव्हा त्याच्या तोंडी ना अवघड फारसी होती, ना अवघड संस्कृत. ज्या भाषेत तो बोलला ती आईच्या पाक्षिकाची भाषा होती. एका बाईनं साक्षरतेसाठी केलेलं काम आशियाभरच्या घराघरांत ऐकू गेलं. मुलींनो, हे नाव लिहून घ्या. कुलसुम सयानी.

१९५२ चीच आणखी एक गोष्ट. त्या वर्षी ‘बैजू बावरा’ आला. त्यातलं हरिदर्शनाची आस सांगणारं भजन शकीलनं लिहिलं, नौशादनं बांधलं, रफीसाहेबांनी गायलं. हे उदाहरण तुम्ही एकात्मतेच्या प्रत्येक भाषणात ऐकलं असेल. मी त्याला जोड देते. १९६० च्या ‘बरसात की रात’मधली ती लांबलचक कव्वाली, जी अजून लग्नात वाजते, ती रोशनलाल नागरथ यांनी बांधलेली. म्हणजे गाजलेलं भजन लखनौच्या मुसलमानाचं आणि गाजलेली कव्वाली गुजरांवालाच्या हिंदूची. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. ती त्यांची रोजीरोटी होती आणि त्यांना त्यांचं काम येत होतं. राग माहीत होता, शब्दाचं वजन माहीत होतं. एकोप्याच्या पोस्टरपेक्षा मला हे काम येणं जास्त मोलाचं वाटतं.

आता पहिली चिठ्ठी. “आपल्यात गाणं चालतं का?”

केसकर दिल्लीत होते, पण आमच्या मोहल्ल्यातही छोटे केसकर होते. माझ्या फुफीचा आवाज असा होता की ती जात्यावर बसली की शेजारची काकू आपलं दळण घेऊन यायची. फुफी दखनीत सुरू करायची, काकू मराठी ओवीत उत्तर द्यायची. एकीच्या ओवीत पंढरी, दुसरीच्या ओवीत मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा, आणि दोघींच्याही ओवीत माहेर. एक दिवस घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर जायला नको. फुफी गप्प झाली. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जातंही गप्प झालं. तिच्या आवाजाची एकही ध्वनिफीत नाही.

मी आलिम नाही, फतवा देणार नाही. पण एवढं माहीत आहे की हा वाद शतकानुशतकांचा आहे आणि त्याचं एकच उत्तर कधीच नव्हतं. इमाम गझालींनी ‘इह्या’ या ग्रंथात समावर, म्हणजे ऐकण्यावर, स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि अटी घालून त्याला जागा दिली. चिश्ती सूफींनी समा जपली, इतरांनी विरोध केला. विजापूरच्या सूफींनी तर बायकांना दळताना म्हणता यावेत म्हणून दखनीत ‘चक्कीनामे’ रचले. म्हणजे ज्या जात्यावर माझी फुफी गप्प झाली, त्याच जात्यासाठी बुजुर्गांनी गाणी लिहिली होती. तुम्ही ऐका किंवा ऐकू नका, तो तुमचा निर्णय. पण “आपल्यात हे कधीच नव्हतं” असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही, एवढं ठामपणे सांगा.

दुसरी चिठ्ठी. “मराठी गाणी आपली आहेत का?”

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल या मुलानं त्याच्या आईकडून ओव्या आणि लोकगीतं ऐकली. बसवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला, आणि पुढे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत तो लाल बावटा कलापथकात गायला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याच्या आवाजानं पेटायच्या. १९६९ मध्ये अपघातात गेला. हे मराठी राज्य ज्या आवाजावर उभं राहिलं त्यात बार्शीच्या एका मुसलमान आईच्या ओव्या आहेत. मग मराठी गाणं आपलं आहे का, हे विचारायला आपण कुणाच्या दारात उभं राहायचं?

आमच्या मिरजेचं घ्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. आजही मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गायन होतं. जवळच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे घडतात, त्यासाठी लागणारा भोपळा पंढरपूरकडून येतो. त्या तंबोऱ्यातून अभंगाला सूर मिळतो. आणि आपल्या दखनीतला ‘नको’ हा शब्द कुठून आला? मराठीतून. आपण ‘नको’ म्हणतो तेव्हाही मराठी बोलतो.

शेवटी एक काम सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक आज ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यांच्याकडे त्या वेळी टेपरेकॉर्डर होते. तुमच्या खिशात मोबाईल आहे.

या सुट्टीत नानीजवळ, दादीजवळ, शेजारच्या आजीजवळ बसा. हळदीचं गाणं, पाळण्याचं गाणं, मोहर्रमला गावात म्हटलं जाणारं करबलचं गाणं, जे आठवेल ते म्हणायला सांगा. रेकॉर्ड करण्याआधी त्यांची परवानगी घ्या. नाव, गाव, तारीख लिहा. ओळ अर्धवट आठवली तर अर्धवटच ठेवा, स्वतः पुरी करू नका. भाषा दखनी असेल, मराठी असेल, दोन्हींची खिचडी असेल, तरी ‘शुद्ध’ करू नका. शुद्ध करणारे दिल्लीतही होते आणि गल्लीतही. आपण त्यांच्यात तिसरे व्हायचं नाही.

आणि म्हातारी लाजली, “आता कुठला आवाज” म्हणाली, तर उठून जाऊ नका. चहा करा आणि थांबा. ती गाईल.