हजेरीपटावरील इयत्ता आणि मुलाची इयत्ता



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या महामारीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरविण्यास शासनाची अनुमती मिळाली, ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत दाखल झाले, ते वर्गात प्रथम बसले तेव्हा हजेरीपटावर दुसरीचे विद्यार्थी झालेले होते.

या काळातील हानी दुहेरी होती. शिकवावयाचे ते राहिले, हे उघड आहे. परंतु शिकून झालेलेही विसरले गेले. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक व उत्तराखंड येथील १६,०६७ मुलांची पाहणी केली. पूर्वी अवगत असलेले भाषेतील किमान एक कौशल्य शेकडा ९२ मुलांनी, तर गणितातील शेकडा ८२ मुलांनी गमावल्याचे तीत आढळले. चित्र पाहून बोलणे, ओळखीचे शब्द वाचणे, साधी वाक्ये लिहिणे, अशा या पायाच्याच गोष्टी होत.

‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीचे आकडेही बोलके आहेत. २०१८ ते २०२२ या अवधीत पटावरील मुलांचे प्रमाण शेकडा ९७.२ वरून ९८.४ झाले. उलट, दुसरीचा पाठ वाचू शकणारी तिसरीतील मुले शेकडा २७.३ वरून २०.५ वर आली. पट भरला, वाचन ओसरले. २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ झाले. शिक्षकांच्या परिश्रमांचेच हे फळ होय. तथापि समाधान मानण्याजोगी ही स्थिती नाही. कारण महामारीपूर्वीही चारांपैकी जवळजवळ तीन मुलांना तो पाठ वाचता येत नव्हता.

यातून बोध एकच. पुस्तकाची इयत्ता हजेरीपट ठरवितो. अध्यापनाचा आरंभ मात्र मुलाच्या पायरीवरून झाला पाहिजे. प्रत्येक मुलास एकटे जवळ बसवून एक उतारा वाचून घ्यावा, एक वजाबाकी करवून घ्यावी. नंतर इयत्तेचा विचार न करता समान पायरीवरील मुलांचे गट करून रोज काही वेळ त्यांना द्यावा. एकशिक्षकी शाळेतही हे साधते. मोठ्या मुलास अक्षरे गिरवावी लागली, तर चारचौघांत त्याचा उपहास होऊ देऊ नये. लाजलेले मूल प्रथम बोलणे सोडते, मग शाळा.

शाळाबंदी मुलांनी ओढवून घेतली नव्हती. तिची भरपाई मात्र त्यांच्या वाट्याला आली आहे. त्या ओझ्याखाली शिक्षकाने आपला खांदा द्यावा.