प्रत्येक ताप टायफॉइड नसतो

गटाच्या कर्जवहीत ‘कारण’ असा एक रकाना असतो. त्यात बियाणं, शेळी, शाळेची फी असते, आणि पावसाळा लागला की हमखास ‘टायफॉइडचा उपचार’ असतो. आज या टायफॉइडबद्दल बोलू या. शास्त्रज्ञांना जे कळलंय ते आपल्यालाही कळलं, तर लेकरांचा जीव आणि गाठीचे पैसे दोन्ही वाचतील.

जुनी माणसं याला मुदतीचा ताप म्हणत. जंतूचं घराणं साल्मोनेला. डॅनियल सॅल्मन या अमेरिकेतल्या जनावरांच्या डॉक्टरांवरून ते नाव पडलं. या घराण्यातले बरेच जंतू कोंबड्यांच्या, गुराढोरांच्या आतड्यात राहतात आणि आपल्याला जुलाब-उलट्या करतात. टायफॉइडचा जंतू मात्र फक्त माणसात राहतो. तो रोग्याच्या शौचातून पाण्यात जातो आणि पाण्यातून, न धुतलेल्या हातांवरून, अन्नातून दुसऱ्याच्या पोटात. तिथून तो रक्तात शिरतो. ताप दिवसागणिक चढत जातो. नीट उपचार झाले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी आतड्याला छिद्र पडू शकतं. म्हणजे आजार खरा आहे आणि जीवघेणाही आहे. अडचण आहे ती त्याला ओळखण्याची.

आपल्याकडे ओळख पटवतात ती बहुतेक विडाल तपासणीने. ही तपासणी फ्रान्सच्या फर्नांड विडाल यांनी 1896 साली सांगितली. ती रक्तातला जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीराने जी प्रतिद्रव्यं केली, ती शोधते. म्हणजे चोर दिसला नाही, नुसते पोलिसांच्या बुटांचे ठसे दिसले. पण पोलीस मागच्या वर्षीच्या चोरीलाही आले असतील, नाहीतर शेजारच्या घरी! पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल किंवा ताप दुसऱ्याच आजाराचा असेल, तरीही विडाल ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. एकाच विडालच्या कागदावर टायफॉइड पक्का धरता येत नाही.

जंतू स्वतः पकडायची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्त बाटलीत घालून त्यात जंतू वाढतो का ते पाहतात. त्याला काही दिवस लागतात. प्रतिजैविकं सुरू करण्याआधी रक्त घेतलेलं बरं, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. ही तपासणीही खरे टायफॉइडचे जवळजवळ निम्मे रोगी चुकवते. पण सापडला, तर कोणतं औषध लागू पडेल तेही सांगते.

आता आपल्या जवळची गोष्ट. 2017 ते 2020 या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग, अशा चार ठिकाणी मिळून सुमारे 24,000 मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. ताप तीन दिवस टिकला की ब्लड कल्चर. एक लाख मुलांमागे वर्षाला टायफॉइडचं प्रमाण वेल्लोरला 1173, कोलकात्यात 714, दिल्लीत 576 निघालं. आणि पुण्याच्या ग्रामीण भागात? फक्त 35. तपासणी निम्मे चुकवते म्हणून दुप्पट धरा, तरी 70. एका भागाचा आकडा सगळ्या महाराष्ट्राला लागू होत नाही, हे खरं. पण मग आपल्या गावात घरटी टायफॉइड कसा निघतो, हा प्रश्न विचारायला हवाच.

कारण तो ताप डेंग्यूचा असू शकतो, मलेरियाचा, लेप्टोचा, स्क्रब टायफसचा असू शकतो. टायफॉइड म्हणून सलाईन लावत बसलो, तर खरा आजार आत वाढतो. शिवाय नको तिथे प्रतिजैविकं दिली, अर्धवट सोडली, की जंतू औषधांना दाद देईनासे होतात. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत 2016 पासून असा टायफॉइड पसरला, की नेहमीची जवळपास सगळी औषधं त्याच्यापुढे हरली.

तर काय करायचं? ताप तीन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. पोटात जोरात दुखणं, शौचातून रक्त, गुंगी किंवा पाणीही न पिणं दिसलं, तर तीन दिवस थांबायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ‘टायफॉइड आहे’ म्हटलं, तर न लाजता विचारायचं, “डॉक्टर, ब्लड कल्चर करता येईल का? मलेरिया-डेंग्यू तपासला का?” औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही.

आजार येऊच नये म्हणून पाणी उकळून प्यायचं. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायचे. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर कधी पडली, हे जलसुरक्षकाला ग्रामसभेत विचारायचं. टायफॉइडची नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना ती दिली. आपल्याकडे ती मिळते का, हे आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. मागच्या वर्षी तापासाठी किती कर्ज गेलं आणि तपासणी कोणती झाली होती, एवढंच वहीत पाहा. त्यावर मग सगळ्याजणी मिळून बोला. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.