अधिकारी सेनेत का राहतो?



स्वागत समितीच्या वतीने अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मी आपले मनापासून स्वागत करतो. सेनाधिकाऱ्यांची आपल्या सेनेशी असलेली बांधिलकी हा विषय साताऱ्यात चर्चेला यावा, याचा आम्हाला आनंद आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. अपशिंगे मिलिटरी हे गावही जवळच आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक तिथे उभे आहे. पोरगा फौजेत का गेला, असे या भागात सहसा कुणी विचारत नाही. आपल्या या परिषदेने मात्र तो प्रश्न विचारायला हवा, आणि तो तिथे का राहिला हेही.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांची संघटनेशी असलेल्या बांधिलकीबद्दलची १९९१ ची मांडणी इथल्या अभ्यासकांना परिचित आहे. जीव जडला म्हणून, सोडणे परवडत नाही म्हणून, किंवा सोडणे बरे नव्हे असे मन सांगते म्हणून माणूस संघटनेत राहतो. फौजेत ही तिन्ही कारणे एकाच माणसात, वेगवेगळ्या वयात दिसतात. नवा लेफ्टनंट पलटणीवर जीव टाकतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकाळावर, तेरा वर्षांत मिळते. पुढे कर्नलच्या हुद्द्यासाठी निवड मंडळ बसते. जागा थोड्या, त्यामुळे चांगले चांगले अधिकारी मागे राहतात. निवृत्तिवेतनासाठी तर वीस वर्षे पुरी करावी लागतात. ही मधली वर्षे कठीण. बोर्डात नाव न आलेला अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला वेळेवर हजर असतो, हे मी पायदळात पाहिले आहे. त्याची बांधिलकी मला फार मोठी वाटते.

रणांगणावरची निष्ठा सर्वांना दिसते. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लौराच्या लढाईत जखमी झाले, पण मागे जायला तयार झाले नाहीत आणि काही दिवसांतच लढता लढता धारातीर्थी पडले. शांततेच्या काळातली निष्ठा ओळखणे अवघड. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, चीनकडून काय धोका आहे आणि तो अडवायला किती फौज लागेल, हे त्यांनी १९५९ साली लेखी वर कळवले. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा सराव घेऊन तीच गोष्ट सरसेनापती थिमय्यांसमोर मांडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती पटली नाही. सरसेनापतिपद जनरल थापर यांच्याकडे गेले आणि मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीनच्या हल्ल्यात नेफात काय झाले ते आपण जाणतो. त्या संकटात नेहरूंनी बोलावले, तेव्हा थोरात दिल्लीला गेले.

बांधिलकी प्रश्नावलीतून मोजणाऱ्या मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. नोकरीत टिकण्याची इच्छा जरूर मोजा. पण वरिष्ठांना न रुचणारे खरे लेखी देणारा अधिकारी तुमच्या कोष्टकात कुठे बसतो, तेही पाहा.

सेनेच्या बाजूचा हिशेबही मांडावा लागेल. १९९२ पासून वैद्यकीय सेवेबाहेरच्या शाखांत महिला अधिकारी येऊ लागल्या, तरी बहुतेकींना ठरावीक वर्षांनी गणवेश उतरवावा लागे. १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांच्यासाठी कायम कमिशनची वाट रुंद केली. चौदा वर्षे सेवा करून निवृत्तिवेतनाविना बाहेर पडणारा शॉर्ट सर्व्हिस अधिकारी, मग तो पुरुष असो वा स्त्री, आपल्याला कोणते प्रश्न विचारील, याचा विचार या सभागृहात झाला पाहिजे.

पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, आमच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी श्रीमती स्वाती महाडिक यांनी सेनेत जायचे ठरवले. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून त्या लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या धैर्याबद्दल सातारकर अभिमानाने बोलतात. मला त्या शिथिल झालेल्या अटीबद्दलही तितक्याच अभिमानाने बोलावेसे वाटते. आपल्या माणसाच्या घराकडे सेनेने वळून पाहिले.

सत्राध्यक्षांना एक विनंती करतो. चर्चेत आधी कॅप्टन आणि मेजर मंडळींना बोलू द्यावे, आणि हुद्द्याचा क्रम तेवढ्यापुरता सभागृहाबाहेर ठेवावा. बाहेरगावच्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था आमच्या कार्यकर्त्यांनी केली आहे. काही उणे पडले तर हक्काने सांगा.